टॅकोमीटरवर लाल पट्टा मधेच का?

आज एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. गाडीच्या टॅकोमीटरवर लाल रंग शेवटी असतो. यापुढे इंजिन पळवू नका, एवढाच त्याचा अर्थ. पण पायपर चेरोकी 180 हे चार आसनी विमान घ्या. त्याचं इंजिन 2700 आरपीएमपर्यंत चालवायची परवानगी आहे. तरी सेन्सेनिचचा धातूचा पंखा बसवलेल्या अनेक चेरोकींमध्ये 2150 ते 2350 या मधल्याच भागात लाल पट्टा असतो. इथे सतत चालवू नका, असं सांगणारा. आता 2700 चालतं आणि 2200 चालत नाही, हे कसं काय?

शाळेत आपण बाकाच्या कडेवर पट्टी दाबून धरायचो आणि टोक सोडून टर्र्र आवाज काढायचो, आठवतंय? पट्टी लांब ठेवली की सावकाश थरथरते, आखूड केली की भराभर. म्हणजे प्रत्येक पट्टीचा स्वतःचा एक ठेका असतो. पंख्याचं पातं म्हणजे मुळाशी घट्ट धरलेली अशीच पट्टी. त्यालाही स्वतःचा ठेका आहे.

आता या पट्टीला धक्के कोण देतं? इंजिन. चेरोकी 180 मध्ये लायकमिंगचं ओ-360 हे चार सिलिंडरचं, 180 अश्वशक्तीचं इंजिन आहे. आपल्याला ते अखंड फिरतंय असं वाटतं, पण प्रत्यक्षात ते ठोसे मारत असतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो, म्हणजे चार मिळून एका फेऱ्यात दोन ठोसे. 2250 आरपीएमला सेकंदाला 75. पंखा थेट क्रँकशाफ्टला बोल्टने जोडलेला. मधे ना क्लच, ना गिअर. त्यामुळे ठोसा पात्यांपर्यंत जातो. शिवाय ठोसा काही गुळगुळीत नसतो. तबल्याच्या एका थापेत जसे अनेक सूर मिसळलेले असतात, तशी या धक्क्यांत दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची कंपनंही असतात. त्यांतलं एखादं पात्याच्या ठेक्याशी जुळलं, की झोक्याला वेळेवर दिलेल्या धक्क्यासारखं होतं. धक्का छोटा, पण झोका वाढत जातो. यालाच आपण अनुनाद म्हणतो. वेग आणखी वाढवला की ताळमेळ सुटतो आणि कंपन पुन्हा कमी होतं. म्हणून 2700 चालतं, 2200 चालत नाही.

तुम्ही म्हणाल, थोडं थरथरलं तर बिघडलं काय? तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हा धातूचा थकवा, मेटल फटीग. पोलादाची साधारण एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, आणि बहुतेक धातूचे पंखे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. प्रत्येक फेरा हिशेबात धरला जातो. सेकंदाला 75 म्हणजे तासाला 2 लाख 70 हजार! त्यात धावपट्टीवरच्या खड्याने पात्याच्या कडेला बारीकशी खाच पाडली, तर सगळा ताण तिथे गोळा होतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. टोकाचा तुकडा उडाला तर पंख्याचा तोल इतका बिघडतो की इंजिन आपल्या बैठकीवरून उखडलं जाऊ शकतं.

आणि खरी अडचण पुढेच आहे. हे कंपन वैमानिकाला जाणवेलच असं नाही. खुर्ची हादरते ती बहुधा पंख्याचा तोल बिघडल्यामुळे. पात्याचं स्वतःचं वाकणं मात्र पात्यातच राहू शकतं. म्हणून हे पट्टे अंदाजाने आखत नाहीत. पात्यांवर स्ट्रेन गेज चिकटवून, प्रत्यक्ष ताण मोजून ठरवतात. ‘माझं विमान 2200 ला एकदम मऊ चालतं’ हे वाक्य इथे पुरावा होत नाही.

आणखी एक गोष्ट. पट्टा एकट्या इंजिनाचा नाही, एकट्या पंख्याचाही नाही. तो जोडीचा असतो. याच ओ-360 ला हार्टझेलचा, पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा लावला, तर अनेक विमानांत टाळायचा भाग 2000 ते 2250 होतो. लाकडी पातं कंपन स्वतःतच जिरवतं, त्यामुळे तिथे बंधनं सहसा कमी असतात. उलट पात्याची टोकं कापली तर पट्टी आखूड झाली, ठेका बदलला. जास्त दाबाचे पिस्टन किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर ठोसे बदलले. जोडी बदलली की जुना पट्टा भरवशाचा राहत नाही.

मग करायचं काय? लाल भागातून जायला हरकत नाही, तिथे मुक्काम करायचा नाही. उतरण्याआधी विमानतळाभोवती फेरी मारताना हात नेमका तिथेच रेंगाळतो, तेव्हा लक्ष ठेवा. मेकॅनिकल टॅकोमीटर जुना झाला की चुकायला लागतो. काटा 2400 दाखवतोय आणि खरे फेरे 2300 असतील, तर तुम्ही नकळत पट्ट्यात बसला आहात. म्हणून प्रकाशाने फेरे मोजणाऱ्या यंत्राने तो अधूनमधून तपासून घ्या. आणि उड्डाणाआधी पात्याच्या कडेवरून नजर फिरवा, इंजिन बंद असल्याची खात्री करून बोटही फिरवा. खाच लागली तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय उडू नका.

जे जाणवत नाही ते आधी कुणीतरी मोजलं, आणि काट्यामागे रंगवून ठेवलं. तो लाल पट्टा म्हणजे एवढंच.