कौटुंबिक आरोग्य परिचर्येचे अध्यापन

कौटुंबिक आरोग्य परिचर्या ही परिचर्येची अशी शाखा आहे, जिच्यात एकट्या रुग्णाऐवजी संपूर्ण कुटुंब हा सेवेचा घटक मानला जातो. भारतात तिचे शिक्षण मुख्यतः 'सामुदायिक आरोग्य परिचर्या' या विषयातून दिले जाते.

पार्श्वभूमी

१८५९ मध्ये विल्यम रॅथबोन यांनी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे गरीब रुग्णांच्या घरी परिचारिका पाठवण्यास सुरुवात केली. पुढे या कामास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे साहाय्य लाभले. भारतात भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. त्यांच्या अंतर्गत येणाऱ्या उपकेंद्रासाठी सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष आहे. उपकेंद्रातील परिचारिकेच्या कामाचा मोठा भाग गृहभेटींचा असतो.

महाराष्ट्रातील शिक्षण

राज्यातील परिचर्या पदवी अभ्यासक्रम १९९८ मध्ये स्थापन झालेल्या, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित आराखड्यानुसार सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय पाचव्या व सातव्या सत्रांत शिकवला जातो.

गृहभेट

गृहभेट हा या शिक्षणाचा गाभा आहे. नवजात बालके व गरोदर माता यांच्या भेटी आधी आणि संसर्गजन्य रुग्णांच्या भेटी शेवटी घ्याव्यात, भेटीची पिशवी स्वच्छ कागदावर ठेवावी, पिशवी हाताळण्यापूर्वी हात धुवावेत, हे नियम संसर्ग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये यासाठी असतात. त्यानंतर कुटुंबाची रचना, उत्पन्न, आहार व पाणीपुरवठा यांची नोंद केली जाते. मधुमेही व्यक्तीचे पथ्य स्वयंपाक कोण करते आणि औषधाचा खर्च कोण उचलते यांवरही अवलंबून असते. ही माहिती रुग्णालयातील खाटेजवळ क्वचितच मिळते.

परिसरानुसार प्रश्नही बदलतात. नाशिक तालुक्यातील एकलहरे येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. अशा गावात शेतीवरील कुटुंबाला कीटकनाशकांच्या वापराविषयी, तर केंद्रातील कामगाराच्या कुटुंबाला पाळीच्या वेळा, कोळशाची धूळ व राख यांविषयी विचारणे आवश्यक ठरते.

अर्धवेळ अध्यापन

परिचर्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र, समाजशास्त्र, पोषणशास्त्र यांसारख्या पूरक विषयांसाठी अर्धवेळ किंवा बाह्य अध्यापकांची तरतूद असते. सामुदायिक आरोग्य परिचर्येसह परिचर्येचे मुख्य विषय मात्र प्रामुख्याने पूर्णवेळ अध्यापकांकडे असतात. त्यामुळे रोज घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेचा अनुभव वर्गापर्यंत बहुधा क्षेत्रकार्याच्या काळातच पोहोचतो.

सेवेत असलेल्या परिचारिकेने अर्धवेळ शिकवल्यास वर्गात प्रत्यक्ष घरांतील अडचणींची चर्चा होऊ शकते. मात्र गृहभेट तासिकेच्या चौकटीत बसत नाही. त्याच कुटुंबाकडे पुन्हा जाणे, नोंदी तपासणे आणि विद्यार्थ्यांसोबत घरी उपस्थित राहणे यासाठी लागणारा वेळ अध्यापनाचाच भाग असतो. तो कामात धरला न गेल्यास विद्यार्थ्यांची पहिली भेट होते, पण पाठपुरावा राहून जातो. सल्ल्याने कुटुंबात काही बदल झाला का, हे मात्र पाठपुराव्यातूनच कळते.