मालगुजारी गेली, वजन राहिले

श्रीमंतांचे राजकारणात इतके वजन का, असे विचारले की ‘ते पैसा वाटतात म्हणून’ हे उत्तर घरोघर मिळते. आमच्या मते ते अपुरे होय. पैसा वाटला जातो निवडणुकीच्या दिवसांत. वजन त्याच्या कितीतरी आधी, पेरणीच्या वेळच्या उधारीत तयार झालेले असते.

आमचे समुद्रपूर ज्या जुन्या मध्यप्रांतात होते, तेथे भोसलेकाळी पाटील हा मुख्यतः सरकारचा वसूलदार असे. 1860 नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी त्यास मालगुजार करून गावाची मालकीच बहाल केली. पडीत, जंगल, तलाव सारे त्याचे. कुळास बियाणे हवे तर त्याच्याकडे, सरणास लाकूड हवे तरी त्याच्याचकडे. अशा घरचा पुरुष पुढे कौन्सिलात जाऊन बसला, यात नवल ते कोणते? 1919 च्या सुधारणांनी मताचा हक्कही मुख्यतः सारा व कर भरणाऱ्यांसच दिला.

1951 साली मालगुजारी संपुष्टात आली आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढास मत मिळाले. परंतु घरखेडीची जमीन मालगुजाराकडेच राहिली; तिच्याबरोबर शिकलेली मुले, वकिली आणि कचेरीतील ओळखीही. (त्या ओळखींत आपली पांढरपेशांची घरे होती, हे विसरून चालणार नाही.) शिवाय हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या कापसाचे नाव विलायतेच्या बाजारातही होते. अडत्ये आणि जिनवाले या नव्या धनिकांसही उधारीचे तेच जुने सूत्र उपयोगी पडले.

मतदार वाढले, तसा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्चही वाढला. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवारास 40 लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षास मुळीच नाही. 2018 साली आलेल्या निवडणूक रोख्यांनी देणाऱ्याचे नाव मतदारापासून झाकले होते. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे घटनाबाह्य ठरविले व नावे उघड करविली, हे उत्तमच झाले. मात्र गावात कोण कोणाचे देणे लागतो, याची यादी कोणतेही न्यायालय मागवीत नाही. खत-बियाणे उधारीवर आणणारा शेतकरी मत गुप्तपणे हवे त्यास देईलही. पण सावकाराच्या उमेदवारास भर सभेत प्रश्न विचारणार नाही, स्वतः उभे राहणे तर दूरच.

या उधारीवर उतारा म्हणून 1904 च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या निघाल्या. आपल्या गावच्या सोसायटीच्या पंचमंडळात कोणत्या घरची माणसे बसतात, हे वाचकांनी एकदा पाहून यावे.