आधी दूध, मग धूळ

कल्याणात पावसाळा लागला की गाद्या दमट होतात आणि घरात कुणीतरी सटासट शिंकू लागतं. आपण दोष धुळीला देतो. पण त्या धुळीत असतं काय? डस्ट माइट! आठ पायांचा, जेमतेम पाव-एक मिलिमीटरचा जीव. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेवर जगणारा. पाणी तो पीत नाही, हवेतली वाफच शोषून घेतो. खाडीकाठची आपली हवा त्याला मानवणारच. आणि शिंका काढणारा ऐवज मुख्यतः त्याच्या विष्ठेत असतो.

पण त्याच गादीवर लोळणारं तान्हं बाळ का शिंकत नाही?

कारण ॲलर्जीची प्रतिपिंडं, म्हणजे आयजीई, त्याच्या रक्तात जवळजवळ नसतातच. आईची आयजीजी प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. आयजीई मात्र वार ओलांडत नाही. ॲलर्जीचा हजेरीपट प्रत्येकाला स्वतःच भरावा लागतो! ज्यांच्यात ही प्रवृत्ती असते, त्यांच्या पटावर पहिली नावं बहुधा दूध आणि अंड्याची. शाळेच्या वयापर्यंत बहुतेकांची ती पुसली जातात. तोवर माइट, झुरळं, परागकण आत शिरलेले असतात. रक्तातलं एकूण आयजीई साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतं, पुढे ते हळूहळू उतरतं.

हे रसायन सापडलं कसं? 1921 सालची जर्मनीतली गोष्ट. संशोधक कुस्टनर यांना शिजवलेले मासे सोसत नसत, त्यांचे सहकारी प्राउसनिट्झ यांना सोसत. प्राउसनिट्झ यांनी कुस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला आणि गांधी उठली! एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या कातडीत उतरली होती. रक्तात काहीतरी आहे, एवढं त्यातून कळलं. पण ते 'काहीतरी' ओळखायला 1966 उजाडलं. अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका दांपत्याने ते शोधलं. स्वीडनमध्येही योहान्सन आणि बेनिच त्याच रेणूपर्यंत पोचले. एवढा उशीर का? आयजीजीच्या तुलनेत आयजीई रक्तात हजारो पटींनी कमी असतं!

नुसतं आयजीई सापडलं म्हणजे ॲलर्जी आहेच, असंही नाही. रिपोर्टात अंडं 'पॉझिटिव्ह' असूनही ते मजेत खाणारी मुलं असतात. म्हणून तान्हेपणीचा रिपोर्ट दहाव्या वर्षापर्यंत तसाच धरून बसू नका. डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या. घरच्या घरी घास भरवून मात्र अजिबात पाहू नका.