चेंडू भारी की भरवसा भारी?

गोष्ट १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची. फिल यंग नावाचे एक गृहस्थ रबरी वस्तूंचा कारखाना चालवत आणि सवड मिळाली की गोल्फ खेळत. एका सामन्यात होलजवळ पोहोचल्यावर त्यांनी चेंडू अगदी नीट ढकलला, तरी तो वाट सोडून बाजूला गेला. असे झाले की बहुतेक खेळाडू आपल्या हाताला दोष देतात, नाहीतर गवताला. यंग यांना चेंडूचाच संशय आला. ओळखीतून त्यांनी तो एका एक्स-रे यंत्रापर्यंत नेला आणि त्याचा फोटो काढून घेतला. चेंडूचा गाभा मधोमध नव्हता, एका बाजूला सरकला होता. आणखी चेंडू तपासले, तर त्यांतही तोच दोष निघाला. पुढे यंग यांच्या कारखान्याने स्वतःच चेंडू बनवायला घेतले आणि १९३५ मध्ये ‘टायटलिस्ट’ हा चेंडू बाजारात आणला.

ही गोष्ट गोल्फच्या जगात वारंवार सांगितली जाते. यंग यांनी संशय आल्यावर तो तपासून पाहिला, हे तिचे खरे सार. आज दुकानात चेंडूंच्या डब्यांसमोर उभा राहणारा हौशी गोल्फर मात्र सहसा असे करत नाही. मित्राने सांगितले म्हणून, टीव्हीवरच्या विजेत्याच्या हातात दिसला म्हणून, किंवा महाग आहे म्हणजे चांगलाच असणार म्हणून तो चेंडू उचलतो.

सगळे चेंडू एकाच चौकटीत

गोल्फच्या नियमांनी चेंडूला बरेच बांधून ठेवले आहे. त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. प्रमाणित यंत्राने मारल्यावर तो किती वेगाने सुटावा आणि किती लांब जावा, यालाही कमाल मर्यादा आहे. त्यामुळे चांगल्या कंपन्यांच्या मान्यताप्राप्त चेंडूंमध्ये नुसत्या लांबीचा फरक फार मोठा असू शकत नाही. एखादा चेंडू सरसकट सगळ्यांपेक्षा कितीतरी लांब जातो, अशी जाहिरात वाचली तर हे लक्षात ठेवावे.

चेंडूवरचे खळगे शोभेचे नसतात. १८४८च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून गोल्फचे चेंडू बनू लागले. दाताच्या रूट कॅनालमध्ये दंतवैद्य आजही जो पदार्थ भरतात, तोच हा. नवे, गुळगुळीत चेंडू हवेतून लवकर खाली येत आणि मार खाऊन ओरखडे पडलेले जुने चेंडू लांब जात, हे खेळाडूंच्या लक्षात आले. खडबडीत पृष्ठभागामुळे चेंडूलगतच्या हवेच्या थरात खळबळ होते आणि तो थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. त्यामुळे चेंडूमागे तयार होणारी, त्याला मागे ओढणारी पोकळी लहान होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खळग्यांचे चेंडू आले. आजच्या चेंडूवर साधारण ३०० ते ४०० खळगे असतात. ते नसते, तर तोच फटका जेमतेम निम्म्या अंतरावर पडला असता.

मग फरक कुठे असतो?

खरा फरक आवरणात आणि थरांत असतो. स्वस्त चेंडू बहुधा दोन भागांचे असतात. आत रबराचा गाभा आणि वर आयोनोमर नावाच्या टणक प्लास्टिकचे आवरण. ते टिकाऊ असतात आणि कमी फिरतात. महागड्या चेंडूंना तीन किंवा अधिक थर असतात आणि बाहेर युरेथेनचे मऊ आवरण. होलच्या जवळून वेज नावाच्या तिरक्या तोंडाच्या क्लबने मारलेल्या छोट्या फटक्यात हे आवरण क्लबच्या खाचांमध्ये पकड घेते. चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि तो ग्रीनवर पडल्यावर लवकर थांबतो. महाग चेंडूचा मुख्य फायदा इथे मिळतो. ज्याला असा फटका अजून नीट मारताच येत नाही, त्याच्या हातात तो फायदा वाया जातो.

म्हणून अनेक प्रशिक्षक सांगतात, की निवड ग्रीनपासून सुरू करून मागे यावे. बाहत्तर फटक्यांच्या कोर्सवर १८ होलना प्रत्येकी दोन याप्रमाणे ३६ फटके निव्वळ पटिंगचे धरलेले असतात. लांब मारण्याचा ड्रायव्हर मात्र १४ वेळांच्या आसपासच लागतो. तरीही दुकानात चर्चा होते ती त्या १४ फटक्यांची.

हाताला नेमके काय कळते?

‘या चेंडूचा फील मस्त आहे’ हे वाक्य प्रत्येक क्लबात ऐकू येते. शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिले तर हा फील मोठा गमतीचा आहे. क्लब आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. हाताची संवेदना मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत पोहोचायला मात्र सुमारे २० मिलिसेकंद लागतात. ड्रायव्हरचा जोरदार फटका असेल, तर तेवढ्या वेळात चेंडू एक मीटरहून पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे ‘जाणवला’ म्हणतो तेव्हा चेंडू हातचा गेलेला असतो. शिवाय या जाणिवेत आवाजाचा वाटाही मोठा असतो. बद्द आवाज आला की चेंडू मऊ वाटतो, टणत्कार झाला की कडक.

वय वाढले, स्विंग मंदावला, आता मऊ चेंडू घेतला की तो लांब जाईल, हा सल्लाही सर्रास दिला जातो. यंत्राने फटके मारून केलेल्या चाचण्यांत फार मऊ चेंडू उलट किंचित हळू सुटतात. संथ स्विंगला हा फरक नगण्य असतो. मऊ चेंडू आवडत असेल तर जरूर घ्यावा, पण तो आवडीसाठी घ्यावा, अंतर वाढेल या आशेने नव्हे.

भाग्यवान चेंडू

आता भरवशाबद्दल. जर्मनीतल्या कोलोन येथील मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २८ विद्यार्थ्यांना पटिंगचे प्रत्येकी दहा फटके मारायला दिले. काहींना चेंडू देताना सांगितले, ‘हा आतापर्यंत भाग्यवान ठरला आहे.’ बाकीच्यांना सांगितले, ‘सगळ्यांनी याच चेंडूने खेळून पाहिले आहे.’ भाग्यवान चेंडूवाल्यांचे दहापैकी सरासरी ६.४ फटके होलमध्ये गेले, इतरांचे ४.७५. ही बातमी जगभर गाजली. लहानपणी खिशात एखादी ‘लकी’ गोटी जपलेल्या कुणालाही ती लगेच पटली असती.

पण विज्ञान पहिल्या निकालावर थांबत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी कितीतरी जास्त माणसे घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला आणि २०१४ मध्ये निकाल छापला. या वेळी भाग्यवान चेंडूचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. थोड्या माणसांवर दिसलेला मोठा परिणाम पुष्कळदा असाच विरून जातो.

मोठ्या खेळाडूच्या यशाचेही तसेच. मे २००० मध्ये टायगर वूड्स यांनी दोरे गुंडाळलेल्या जुन्या पद्धतीचा चेंडू सोडून भरीव गाभ्याचा चेंडू घेतला. पुढच्याच महिन्यात त्यांनी यूएस ओपन स्पर्धा तब्बल १५ फटक्यांच्या फरकाने जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टायटलिस्टचा भरीव गाभ्याचा नवा चेंडू आला आणि एकाच स्पर्धेत चाळीसहून अधिक व्यावसायिकांनी तो स्वीकारला. नवा चेंडू खरोखर सुधारलेला होता. पण ते १५ फटके चेंडूचे किती आणि वूड्स यांचे किती, हे त्या एका विजयावरून सांगता येत नाही.

झाकून तपासा

मग निवड कशी करावी? औषधांची परीक्षा जशी होते तशी. दोन-तीन प्रकारचे चेंडू घ्यावेत. त्यांवरची नावे जाड मार्करने झाकावीत आणि कोणता चेंडू कोणता याची नोंद मित्राकडे असू द्यावी. मित्राने ते उलटसुलट क्रमाने समोर ठेवावेत. प्रत्येक प्रकाराने आधी पटिंग करावे, मग ग्रीनच्या कडेवरून आणि पन्नास-साठ मीटरवरून छोटे फटके मारावेत, ड्रायव्हर शेवटी. प्रत्येक वेळी चेंडू होलपासून किती लांब थांबला ते लिहून ठेवावे. एका दिवसावर निर्णय न घेता आणखी एकदा हेच करावे. फरक दिसला नाही, तर स्वस्त चेंडू घ्यावा. झाडीत आणि तळ्यात हरवणारे चेंडू मोजले, तर ही बचत छोटी नाही. एकदा ठरले की तोच प्रकार कायम ठेवावा. अनेक व्यावसायिक स्पर्धांत तर पूर्ण फेरी एकाच प्रकारच्या चेंडूने खेळण्याचे बंधन असते. रोज चेंडू बदलणाऱ्याला चूक हाताची की चेंडूची, हे कधीच कळत नाही.

ही सवय गोल्फपुरती ठेवायचे कारण नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोस्टनमध्ये ८२ जणांच्या मनगटाला विजेचे सौम्य झटके देऊन त्यांना वेदनाशामक म्हणून एक गोळी दिली गेली. निम्म्यांना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली, निम्म्यांना दहा सेंट. महाग गोळीने वेदना कमी झाल्याचे ८५ टक्के लोकांनी सांगितले, स्वस्त गोळीने ६१ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही गोळ्यांत औषध नव्हतेच.

वेदनेच्या बाबतीत असा भरवसा थोडा दिलासा देतो. रक्तदाबाला मात्र गोळीची किंमत कळत नाही. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते म्हणून गोळी ‘हलकी’ समजणारे आणि मध्येच सोडून देणारे रुग्ण सगळीकडे आढळतात. ‘भारीतली’ परवडत नाही आणि ‘साधी’ घ्यावीशी वाटत नाही, अशा कात्रीत दोन्ही सुटतात आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. दंडाला पट्टा बांधून घेतलेले माप खरे सांगते. तीच गोळी नियमित घेऊन दाब आटोक्यात राहत असेल, तर ती स्वस्त असली तरी उत्तमच.

चुकीचा चेंडू निवडला तर गोल्फरचे दोन-चार फटके वाढतात आणि थोडे पैसे जातात. गोळीच्या बाबतीत चूक एवढ्यावर भागत नाही. म्हणून वेष्टन आणि किंमत बाजूला ठेवून माप पाहण्याची सवय लावून घ्यावी, मग हातात चेंडू असो की गोळी.