‘घरचंच लग्न आहे’चा रेट काय?

मुहूर्त 12.35चा. 12.31 वाजता माझा मित्र स्टेजच्या कडेला गुडघ्यावर बसून एका आजोबांना हात जोडत होता. आजोबा अक्षता घेऊन बरोबर त्याच्या आणि अंतरपाटाच्या मध्ये उभे. नवरीचेच आजोबा ते, त्यांना ‘सरका’ कोण म्हणणार? शेवटच्या मंगलाष्टकेला त्याने स्टूल ओढलं, कॅमेरा डोक्यावर धरला आणि अंतरपाट खाली आला तेव्हा नुसत्या अंदाजाने क्लिक करत राहिला. 12.36 ला स्क्रीन बघून त्याने जो श्वास सोडला, तो मला बँडच्या आवाजातही ऐकू आला.

मी तिथे ‘असिस्टंट’ म्हणून गेले होते. म्हणजे एका हातात लाइट, दुसऱ्या हातात वही. मानधन मिळालं नाही, जेवण मिळालं. (मसालेभात भारी होता.) पण मला बघायचं होतं ते वेगळंच. आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये एक तरी ‘फोटोग्राफर’ असतो. इन्स्टाच्या बायोमध्ये कॅमेऱ्याचा इमोजी, नावापुढे ‘क्लिक्स’ किंवा ‘स्टोरीज’. त्यातल्या किती जणांचं घर त्यावर चालतं?

माझ्या मित्राचं चालत नव्हतं. हा मूळचा साताऱ्याचा, पुण्यात आमच्याबरोबर मास कॉमला. वडील एसटीत कंडक्टर, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून याला कॅमेरा आणि लेन्स घेऊन दिली. अट एकच: डिग्रीनंतर एक वर्ष. तोपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर मिळेल ती नोकरी.

वर्ष संपत आलं तेव्हा याच्याकडे अकरा ऑर्डरी झालेल्या होत्या. (लग्नाच्या कामाला या धंद्यात ऑर्डर म्हणतात.) फॉलोअर्स वाढत होते, एका रीलला लाखाच्या वर व्ह्यूज होते. गडी खूश! वडिलांनी मात्र व्ह्यूज विचारले नाहीत. आयुष्यभर ट्रिप संपली की वेबिल भरणारा माणूस तो. वही काढली आणि म्हणाले, एका लग्नाचं सांग.

तासाला 94 रुपये

हळद आणि लग्न मिळून दोन दिवसांचे हा 25 हजार घ्यायचा. त्यातून सेकंड शूटरला 5 हजार. भाड्याच्या लेन्सचे दोन दिवसांचे 3 हजार. अल्बमचे 7 हजार. पेट्रोल, जाणं-येणं, मेमरी कार्ड, हार्ड डिस्क असं सगळं धरून अडीच हजार. झाले साडेसतरा. हातात राहिले साडेसात हजार.

याला वाटलं, दोन दिवसांचे साडेसात हजार, वाईट काय? वडिलांनी विचारलं, दोनच दिवस का? मग तास मोजले. शूटिंगचे 28. तीन हजार फोटोंतून पाचशे निवडून एडिट करायचे 40. फोनाफोनी, कार्यालय बघायला जाणं, अल्बमच्या डिझाइनमध्ये ‘काकूंचा फोटो मोठा करा’ वगैरे बदल, यांचे 12. एकूण 80 तास. साडेसात हजार भागिले 80 म्हणजे तासाला 94 रुपये.

पुढचा हिशेब जास्त लागला. अकरा ऑर्डरींचे मिळून 82 हजार 500. कॅमेऱ्याचा हप्ता महिन्याला 5200, वर्षाचा 62 हजार 400. उरले 20 हजार 100. अख्ख्या वर्षाचे! आणि याशिवाय तीन लग्नं ‘घरची’ होती. चुलत बहीण, मामेभाऊ आणि वडिलांच्या मित्राचा मुलगा. तिथे पैसे घेतलेच नव्हते, उलट पेट्रोल आणि कार्ड पदरचं. वडील त्या तीन ओळींवर पेन टेकवून म्हणाले, हे तीन पॅसेंजर विनातिकीट कसे?

हा किस्सा सांगताना तो हसतो. त्या दिवशी मात्र त्याला रडू आलं होतं, हेही त्यानेच सांगितलं.

मला वाटतं आपल्याकडे बहुतेक जण इथेच गंडतात. रेट ठरवताना आपण दुसऱ्याचं पेज बघतो आणि त्याच्यापेक्षा दोन हजार कमी सांगतो. त्यालाही परवडत नसेल, ही शक्यता डोक्यातच येत नाही. शिवाय कॅमेरा झिजतो. अनेक डीएसएलआरच्या शटरचं आयुष्य दीड लाख क्लिकच्या आसपास धरतात. लग्नाला तीन हजार क्लिक म्हणजे पन्नास लग्नं. नंतर कॅमेरा लगेच बंद पडतो असं नाही, पण पुढच्या खर्चाची सोय आधीच्या पन्नास लग्नांतूनच व्हायला हवी.

त्याने रेट 42 हजार केला. पहिल्या महिन्यात दोन ऑर्डरी हातच्या गेल्या, त्यातली एक 18 हजारांत करणाऱ्याकडे. ‘खूप महाग झालास रे’ हे ओळखीच्या लोकांकडून ऐकावं लागलं ते वेगळंच. पण जी कामं आली, त्यांत खर्च वजा जाता साडेचोवीस हजार राहायला लागले.

रील आणि मेकअपवाली ताई

मार्केटिंग म्हटलं की आपल्याला फक्त इन्स्टा दिसतं. मी त्याला विचारलं, तुझ्या ऑर्डरी आल्या कुठून? त्याने वर्षभराची यादी काढली. लाख व्ह्यूजवाल्या रीलमधून चौकशा खूप आल्या, ‘प्राइस प्लीज’ म्हणून गायब होणाऱ्या. ऑर्डर एकही नाही. चार ऑर्डरी एका मेकअप करणाऱ्या ताईंकडून. तीन आधीच्या नवऱ्या-नवरींच्या भावंडांकडून. दोन एका कार्यालयाच्या मॅनेजरकडून. उरलेल्या दोन गुगल मॅपवरचे रिव्ह्यू वाचून आलेल्या.

त्या ताईंची गोष्ट मजेशीर आहे. त्यांनी केलेल्या नवरीचे चार फोटो याने न मागता, त्याच रात्री पाठवले. मेकअप आर्टिस्टला स्वतःच्या पेजसाठी चांगले फोटो लागतात आणि फोटोग्राफर लोक ते दोन-दोन महिने देत नाहीत. चार फोटोंनी चार ऑर्डरी आणल्या. आता तो डेकोरेटर आणि मेंदीवालीलाही पाठवतो, अर्थात घरच्यांना विचारून. लग्न झाल्यावर आठ दिवसांत तीस फोटोंची लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाते. अल्बमला वेळ लागला तरी चालतं, पण ताजे फोटो सगळ्या मावश्या-आत्यांच्या स्टेटसवर चढतात आणि त्याच घरांत पुढची लग्नं असतात.

आणखी एक गोष्ट मी स्वतः बघितली. नवरी तयार होत होती त्या खोलीत हा गेला नाही, मला पाठवलं. खोलीत साड्या, पिना, रडारड, ब्लाऊज उसवल्याची धावपळ. तिथे अनोळखी मुलगा कॅमेरा घेऊन उभा असता तर सगळ्या आक्रसल्या असत्या. मी काढलेले फोटो फार ग्रेट नव्हते, पण नवरीला तेच सर्वांत आवडले. मुलींनो, या कामाला मुली कमी आहेत आणि मागणी आहे, एवढं नोंदवून ठेवते.

ही आयडिया नवी नाहीच म्हणा. राजा दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोग्राफीकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले. त्यांनी 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका ब्रिटिश बाईंच्या हाती सोपवला. कोणाचे फोटो निघतच नाहीयेत, हे त्यांना दिसलं होतं.

अंतरपाट ते सप्तपदी, गायब

सुरुवातीच्या काळात याच्याकडे एकाच कार्डचा जुना कॅमेरा होता. एका मित्राच्या बहिणीचं लग्न. रात्री घरी येऊन कार्ड लावलं तर फोल्डर उघडेना. रिकव्हरी सॉफ्टवेअरने हळद परत दिली, जेवणावळी दिल्या, अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंतचं काही दिलं नाही. याने दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः त्यांच्या घरी गेला, सगळे पैसे परत केले आणि पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून अल्बम बनवून दिला. नवरीच्या आईने चहा दिला, पण बोलल्या नाहीत. तो मित्र आता फारसा संपर्कात नाही.

तेव्हापासून दोन कार्डांच्या कॅमेऱ्याशिवाय तो लग्न घेत नाही. फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर जातात. रात्री कितीही उशीर झाला तरी दोन हार्ड डिस्कवर कॉपी होते आणि त्यातली एक डिस्क आत्याच्या घरी राहते. दोन्ही ठिकाणी तपासल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. हे ऐकायला बोअर आहे. रेटमध्ये हे बोअर कामही धरलेलं असतं.

दुसरा झटका कायद्याचा. याने काढलेला एका नवरीचा फोटो एका दागिन्यांच्या दुकानाने फ्लेक्सवर लावला. याला विचारलं नाही, नावही नाही. हा भांडायला निघाला आणि वाचताना कळलं की प्रकरण उलटंच आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढणारा नसतो, काढून घेणारा असतो. म्हणजे दुकानाला जाब विचारायचा हक्क नवरीकडच्यांचा. आणि हा जे फोटो बिनधास्त स्वतःच्या पेजवर टाकत होता, तिथेही परवानगी याने घ्यायला हवी होती!

आता अॅडव्हान्सबरोबर एक पानी करार असतो, साध्या मराठीत. किती तास, किती एडिट केलेले फोटो, अल्बमची पानं किती, डिझाइनमध्ये बदल दोनदाच, तारीख रद्द झाली तर काय, फोटो कोण कुठे वापरू शकतं. काही घरं पेजवर टाकायला नाही म्हणतात, तेही त्यात लिहिलेलं असतं. ड्रोनबद्दलही एक ओळ आहे. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन कमर्शियल कामाला उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. याच्याकडे ते नाही, म्हणून तो सर्टिफिकेट असलेल्या माणसालाच बोलावतो आणि त्याचे पैसे वेगळे लावतो.

कागदपत्रांना उगाच घाबरू नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. राज्यात कामगार मोजकेच असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवा व्यवसायाला जीएसटी साधारणपणे वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेल्यावर. तो दिवस आला तर पार्टी देईन म्हणालाय.

खरी भीती चातुर्मासाची. आषाढी ते कार्तिकी मुहूर्त जवळपास नसतात (काढीव मुहूर्तावर किती भागणार?), हप्ता मात्र दर महिन्याला असतो. मागच्या पावसाळ्यात याने साताऱ्यातली खाण्याची ठिकाणं पालथी घातली. डिलिव्हरी अॅपवर मिसळीचा फोटो कसा दिसतो बघा, म्हणाला, आणि मालकाला त्याच्याच दुकानातला धुरकट फोटो दाखवला. एका डिशचे 250 रुपये. पंधरा-वीस पदार्थ एका दुपारी होतात, खिडकीजवळचं टेबल आणि एक पांढरा थर्माकोल पुरतो. त्यातल्या दोन ठिकाणांनी नंतर महिन्याचं काम बांधून दिलं. यात ग्लॅमर शून्य. याच्या पेजवर यातलं काहीच दिसत नाही, पण ऑगस्टचा हप्ता मिसळीने भरला.

वडिलांनी दिलेलं वर्ष संपून आता चार महिने झालेत. नोकरीचा विषय त्यांनी काढलेला नाही. वही अजून त्यांच्याकडेच असते.

परवा त्याच्या मावशीचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलंय, तारीख डिसेंबरची. ‘तुला काय सांगायचं, घरचंच लग्न आहे.’ हा हो म्हणाला आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत बसला. मग लॅपटॉप उघडला. कोटेशनमध्ये पूर्ण रक्कम लिहिली, 42 हजार. खाली एक ओळ वाढवली: ‘माझा आहेर – वजा 10 हजार’. देय रक्कम 32 हजार, अॅडव्हान्स निम्मा. पाठवायच्या आधी वडिलांना दाखवलं. त्यांनी आहेराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि नुसती मान हलवली.

व्हॉट्सअॅपवर लगेच दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. संध्याकाळ गेली, रात्र गेली. याने तीनदा मेसेज डिलीट करायचा विचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा व्हॉइस मेसेज आला, तो त्याने मला ऐकवला.

‘अरे, काकांनी अॅडव्हान्स टाकलाय बघ. आणि अल्बम करिझ्माच आहे ना? नाहीतर तुझ्या चुलत बहिणीचा कसला पातळ निघालाय.’