आईचा सड की बाटली?

उस्मानाबादी शेळीला जुळी करडं नेहमीचीच, कधी तिळीही होतात. सड मात्र दोनच. तिसरं, अशक्त करडू मागे रेटलं जातं आणि गोठ्यात दुधाची बाटली येते.

पण त्याआधी चीक हवाच! शेळीच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं गर्भापर्यंत पोचत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हणून दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी साधारण २०० मिली चीक, थोडा थोडा करून, पाजायला हवा.

आईजवळ वाढवायचं तर जन्मानंतरची पहिली मिनिटं मोलाची. संशोधक पीटर क्लॉप्फर आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की जेमतेम पाच मिनिटं सहवास मिळालेलं करडू काही वेळ दूर नेलं तरी आई परत जवळ करते. जन्मताच हलवलेल्याला बहुधा ढुशा मिळतात.

तरीही अमेरिकेतले अनेक दुग्धव्यावसायिक मुद्दाम ताटातूट करतात. सीएई या शेळ्यांच्या रोगाचा विषाणू चीक-दुधातून पसरतो, गुडघे सुजवतो आणि त्यावर इलाज नाही. चीक ५६ अंश सेल्सिअसला तासभर ठेवला, की विषाणू निष्प्रभ होतो, प्रतिकारक प्रथिनं बरीचशी टिकतात. कळपात असा रोग नसेल, आईला पुरेसं दूध असेल, तर करडू तिच्याकडेच राहू द्यावं.

बाटलीने पाजताना करडू उभं हवं, मान वर. चोखताना अन्ननलिकेची पन्हळ मिटते आणि दूध थेट पोटाच्या चौथ्या कप्प्यात उतरतं. उताणं धरून पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.