गीला नदीकाठचा मधुमेह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ॲरिझोनात, गीला नदीचे कालवे काढून शतकानुशतके मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत आलेल्या पीमा लोकांमध्ये पस्तिशी ओलांडलेल्या सुमारे निम्म्या माणसांस मधुमेह आहे, असे १९६५ पासून तेथे चाललेल्या सरकारी संशोधनात निष्पन्न झाले, तेव्हा विद्वानांची दृष्टी प्रथम त्यांच्या आनुवंशिकतेकडे वळली. तिचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाच्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वळविले, शेते करपली, उपासमार झाली आणि पुढे सरकारी शिध्यातील पांढरे पीठ, साखर व चरबी यांवर गुजराण करण्याची पाळी आली, ही हकीकतही रोगाच्या निदानात धरली पाहिजे. मेक्सिकोच्या डोंगरांत मायकोबा गावी त्यांचेच भाऊबंद अद्याप शेतात राबतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण शेकडा सुमारे ७ भरले, तर ॲरिझोनात शेकडा ३८.

मधुमेह माणसाला गाठतो तो बहुधा उपद्रवांच्या वाटेने. वाढलेल्या साखरेने सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, मूत्रपिंडातून प्रथिन झिरपू लागते, दृष्टी मंदावते. तळपायाची संवेदना गेली, की बुटातला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो.

१९९७ साली अमेरिकी काँग्रेसने तेथील आदिवासींच्या मधुमेहासाठी स्वतंत्र तरतूद मंजूर केली आणि तिची अंमलबजावणी पुष्कळशी जमातींच्याच हाती दिली, हे मला तीतील सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते. दवाखान्यात रोग्याला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा ताठ धागा तळपायावर जागोजाग टेकवायचा आणि ‘लागतंय का?’ म्हणून विचारायचे. दरसाल लघवीतील अल्ब्युमिन तपासायचे. रक्तदाब उतरवून मूत्रपिंडास जपणाऱ्या गोळ्या लवकर सुरू करायच्या. डोळ्यांच्या आतल्या पडद्याची छायाचित्रे दूरच्या तज्ज्ञाकडे धाडायची. कामे साधीच, पण ती नेमाने होत राहिली. १९९६ ते २०१३ या काळात त्या देशातील आदिवासी प्रौढांमध्ये मधुमेहाने मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण शेकडा ५४ ने उतरले.

पाण्याचा मोठा वाटा पीमांना २००४ च्या कायद्याने परत मिळाला. मधुमेहाची तरतूद मात्र मुदतीची आहे. मुदत सरत आली, की नव्या मंजुरीची वाट पाहावी लागते आणि गावोगावच्या दवाखान्यांतील परिचारिकांच्या नेमणुका टांगणीला लागतात. ती कायम करणे हे त्या सरकारवरचे जुने देणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.